किरणोत्सर्ग विज्ञान: सांगलीतून पुढचं शिक्षण आणि सरकारी मदत

हरिपूर_रोड

मंडळी, धाकटी बहीण सांगलीत बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीला पीसीएम होतं, बायॉलॉजी नव्हतं. मिरजेतल्या कॅन्सर हॉस्पिटलांत रेडिएशनच्या मशीनवर डॉक्टरांबरोबर फिजिक्सवाला माणूसही लागतो हे कळल्यापासून तिला तेच करायचंय. एका खाजगी संस्थेनं 'रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, सहा महिन्यांत, नोकरीची हमी' असं सांगून ८० हजार फी सांगितली आहे. भरावी का? सरकार या शिक्षणाला पैसे देतं असं ऐकलंय, ते नक्की कुठे आणि कुणाला? आणि घरच्यांचा प्रश्न वेगळाच आहे: मुलीच्या जातीनं किरणोत्सर्गात काम करावं का. यावर कुणी नीट आकड्यांत सांगितलं तर बरं होईल.

मेडफिज_मिरज

ते ८० हजार आधी खिशातच ठेवा.

रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणजे आरएसओ. ही पदवी नाही, नेमणूक आहे. अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियम २००४ प्रमाणे संस्थेचा मालक एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, मान्यतेनं आरएसओ नेमतो. अर्ज संस्थेकडून 'ई-लोरा' पोर्टलवर जातो. माणसाकडे त्या पातळीची पात्रता असेल तरच मान्यता मिळते आणि ती त्या संस्थेपुरतीच असते. नोकरी सोडली की मान्यता तिथेच संपते, नव्या ठिकाणी नवा अर्ज. एक्स-रे सेंटरला लेव्हल १ चालतो, औद्योगिक रेडिओग्राफी (किरणांनी धातूतले दोष शोधणं) आणि न्यूक्लियर मेडिसिन (किरणोत्सारी औषध देऊन तपासणी-उपचार) यांना लेव्हल २, रेडिओथेरपीला लेव्हल ३. तेव्हा संस्थेला एवढंच विचारा: 'कुठली लेव्हल, आणि एईआरबीच्या यादीत तुमचा अभ्यासक्रम कुठे आहे?' उत्तराऐवजी ब्रोशर हातात दिलं तर उठून या.

तिला जे काम करायचंय ते मेडिकल फिजिसिस्टचं. त्याला दोन रस्ते आहेत. पहिला: एम.एस्सी. फिजिक्स, त्यावर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा, मग मान्यताप्राप्त सुसज्ज रेडिओथेरपी विभागात १२ महिने इंटर्नशिप. दुसरा: बी.एस्सी. फिजिक्सनंतर थेट एम.एस्सी. मेडिकल फिजिक्स आणि तीच १२ महिन्यांची इंटर्नशिप. दुसऱ्यात एक वर्ष वाचतं. पण पहिल्यात एम.एस्सी. फिजिक्स हातात असल्यामुळे नेट, सेट, प्राध्यापकी, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) असे बाकीचे दरवाजे उघडे राहतात. सांगली-साताऱ्यातल्या मुलांनी पहिलाच धरावा असं माझं मत. शिवाजी विद्यापीठाच्या एम.एस्सी.ची फी खाजगी मेडिकल फिजिक्सच्या फीपुढे काहीच नाही, हे त्याचं साधं कारण.

सरकारचा पैसा खरा दिसतो तो बीएआरसीच्या डिप. आर. पी. मध्ये, म्हणजे पहिल्या रस्त्यातल्या रेडिओलॉजिकल फिजिक्सच्या डिप्लोमात. हा डिप्लोमा १९६२ पासून चालतो आणि आता होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटशी जोडलेला आहे. वर्ग मुंबईत अणुशक्तीनगरला. हॉस्पिटलनं न पाठवलेल्या, म्हणजे 'नॉन-स्पॉन्सर्ड' विद्यार्थ्याला दरमहा स्टायपेंड मिळतो. जागा मोजक्या, अर्ज देशभरातून. पात्रता एम.एस्सी. फिजिक्स ६० टक्के, बी.एस्सी.ला फिजिक्स मुख्य विषय. आपल्याकडची मुलं दोन गोष्टींवर अडतात. पदवीवर फिजिक्सऐवजी 'अप्लाइड', 'मटेरियल्स' असं काही छापलेलं असतं. तसं असेल तर अर्ज करण्याआधी विद्यापीठाकडून समकक्षतेचं पत्र काढून ठेवा. दुसरं सीजीपीए. ६० टक्के दाखवायला विद्यापीठाचं अधिकृत रूपांतर सूत्र लागतं, स्वतः १० ने गुणलेलं चालत नाही.

इंटर्नशिपमध्ये सगळ्यात जास्त जण फसतात. हॉस्पिटलात लिनॅक (कॅन्सरवर किरणं सोडणारं विजेवरचं यंत्र) आहे एवढ्यावर विभाग 'सुसज्ज' ठरत नाही. टेलिथेरपी (बाहेरून किरणं), ब्रेकीथेरपी (स्रोत शरीराच्या आत किंवा लगत ठेवून), सिम्युलेशन (उपचाराआधीची आखणी), उपचार-नियोजनाची संगणक प्रणाली आणि डोसिमेट्रीची, म्हणजे मात्रा मोजायची, उपकरणं हे सगळं आहे का ते पाहा. ब्रेकीथेरपी नसलेल्या जागी वर्ष घालवून नंतर प्रमाणपत्रासाठी खेटे घालणारे पुष्कळ आहेत. आणि स्टायपेंड किती, ते रुजू होण्याआधी लेखी घ्या. काही ठिकाणी तो शून्य असतो. ज्यांनी डिप्लोमा किंवा एम.एस्सी. मेडिकल फिजिक्स बाहेरच्या विद्यापीठातून केलंय, त्यांना इंटर्नशिप संपली की आरएसओ लेव्हल ३ साठी बीएआरसीची परीक्षा द्यावी लागते. ती धरूनच वर्षांचा हिशोब करा.

फॉर्मभरा_सातारा

शिष्यवृत्त्यांचं सांगतो, कारण यात चुका फिजिक्सच्या नसतात, फॉर्मच्या असतात.

इन्स्पायर-शी ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांची आहे (६० हजार रोख, २० हजार उन्हाळी प्रकल्पाचे), पण ती बारावीच्या गुणांवर, पदवीच्या पहिल्या वर्षालाच धरायची असते. तुमच्या बहिणीची वेळ गेली. धाकटं कुणी बारावीत असेल तर लक्षात ठेवा.

एम.एस्सी.साठी महाडीबीटी, म्हणजे राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा ८ लाख. गावाबाहेर राहणार असेल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता वेगळा भरायचा, तो आपोआप जोडला जात नाही. मुलींना १०० टक्के फीमाफीचा ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय सगळीकडे फिरतोय, पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता आहे, केंद्रीभूत प्रवेशातून आलेल्यांसाठी, आणि अभिमत व खाजगी विद्यापीठं त्यात नाहीत. म्हणून 'मेडिकल फिजिक्सला मुलींना फी नाही' असं कुणी सांगितलं, तर विद्यापीठ अभिमत आहे का हे आधी बघा.

अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधार बँकेशी 'लिंक' आहे पण डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) मॅप नाही. शाखेत जाऊन 'एनपीसीआय मॅपिंग' हे दोन शब्द वापरा, नाहीतर ते केवायसी करून परत पाठवतात. दोन खाती असतील तर पैसे शेवटी मॅप झालेल्या खात्यात जातात. आई-वडिलांनी काढून दिलेलं शाळेतलं बंद पडलेलं खातं तेच निघतं. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा, तहसीलदाराचा.

पीएच.डी.कडे वळली तर सीएसआयआर-नेटची जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे. सारथी, बार्टी, महाज्योतीच्याही फेलोशिप आहेत, ज्याच्या त्याच्या प्रवर्गाप्रमाणे. एका वेळी एकच घेता येते. दोन घेतल्या तर व्याजासकट वसुली होते.

टेक्निशियन_पलूस

बी.एस्सी.वरच थांबायची वेळ आली तरी वाट बंद नाही. बीएआरसीची 'स्टायपेंडरी ट्रेनी कॅटेगरी १' ही भरती डिप्लोमा आणि बी.एस्सी. ६० टक्केवाल्यांसाठी निघते. २०२३ च्या जाहिरातीत स्टायपेंड पहिल्या वर्षी महिना २४ हजार, दुसऱ्या वर्षी २६ हजार होता. वयाची अट घट्ट आहे, खुल्या वर्गाला १९ ते २४. म्हणून 'आधी एम.एस्सी. करू, मग बघू' म्हणणाऱ्यांची ही गाडी चुकते. एम.एस्सी. करता करताच अर्ज टाकावा.

दुसरं न्यूक्लियर मेडिसिन. बीएआरसीचं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 'डीएमआरआयटी' नावाचा डिप्लोमा चालवतं. विज्ञान पदवीवर प्रवेश, पुढे पेट-सीटी आणि गॅमा कॅमेऱ्यावर काम. बीपीएमटी रेडिओग्राफीचा (पॅरामेडिकल पदवीचा) विचार सोडा. त्याला बारावीला पीसीबी लागतं.

आणि कारखान्यातली रेडिओग्राफी विसरू नका. किर्लोस्करवाडी, मिरज, सातारा, शिरवळ, सगळीकडे ओतकाम आणि वेल्डिंग आहे आणि त्यातल्या काही मालाला गॅमा रेडिओग्राफी लागते. त्याचं प्रशिक्षण आरटी-१, आरटी-२ असं आहे. स्रोत इरिडियम-१९२, अर्धायुष्य ७४ दिवस. म्हणजे पाच महिन्यांत चौथाई उरतो आणि फिल्मला तेवढाच चौपट वेळ द्यावा लागतो. इथले अपघात एकाच साच्याचे असतात: केबल मागे घेतली, पण स्रोत कॅमेऱ्यात (स्रोत ठेवायच्या जाड कवचाच्या पेटीत) पूर्ण आला नाही, आणि सर्व्हे मीटर (किरणं मोजणारा) न लावता माणूस कोलिमेटरला (किरणांना दिशा देणाऱ्या टोकाला) हात घालतो. दर एक्सपोजरनंतर मीटर हातात धरूनच पुढे जायचं. बॅटरी तपासलेला मीटर. काटा शून्यावर आहे याचा अर्थ सेल संपलाय असाही असू शकतो.

हरिपूर_रोड

फार उपयोगी. ८० हजार वाचले म्हणायचे. मेडफिज, डिप. आर. पी. च्या मुलाखतीत काय विचारतात? आणि घरच्यांचा प्रश्न राहिला.

मेडफिज_मिरज

पाठांतर फारसं कामाला येत नाही. मोजमाप समजलंय का ते बघतात. एक उदाहरण घ्या, आपल्या भागालाच लागू पडणारं.

लिनॅकचा आउटपुट, म्हणजे त्यातून मिळणारी मात्रा, ०.६ सीसीच्या फार्मर आयन चेंबरनं (किरणांनी हवेत तयार झालेले आयन मोजणारी छोटी कुपी) पाण्यात मोजतात, पद्धत आयएईएची (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची) टीआरएस-३९८. चेंबर हवेला उघडा असतो. हवा विरळ झाली की आयन कमी होतात, वाचन कमी येतं. म्हणून तापमान-दाबाचा गुणक लावायचा, संदर्भ २० अंश आणि १०१.३ किलोपास्कल. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. १०१.३ भागिले ९५ म्हणजे १.०६६. सातारा आणखी उंच, तिथे गुणक १.०९ च्या जवळ जातो. पाणी ३० अंशांचं असेल तर त्यावर आणखी ३.४ टक्के.

आता चूक बघा. बॅरोमीटर बिघडलाय म्हणून कुणी मोबाइलच्या हवामान ॲपवरचा दाब घेतला. ॲप दाखवतं समुद्रसपाटीला आणलेला दाब, १०१० हेक्टोपास्कल वगैरे. गुणक १ च्या जवळ येतो, मशीनचा आउटपुट ६ टक्के कमी आहे असं वाटतं, आणि तो 'दुरुस्त' करायला गेलं की दर रुग्णाला ६ टक्के जास्त मात्रा जाते. रोजच्या तपासणीत ३ टक्के आणि महिन्याच्या तपासणीत २ टक्के एवढीच सूट असते. मुलाखतीत 'दाब कुठून घ्याल?' या एका प्रश्नावर पोरगी ओळखतात. ती मिरजेची असून १०१३ म्हणाली तर संपलंच.

घरच्यांना आकड्यांतच सांगा. किरणोत्सर्ग कामगाराला सलग पाच वर्षांत सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या मात्रेचं माप), एका वर्षात कमाल ३० एवढी मर्यादा आहे. सामान्य माणसाला १. निसर्गातून जगभर सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट वर्षाला मिळतात, छातीच्या एका एक्स-रेत ०.०२ ते ०.१. लिनॅक बंद केला की किरण थांबतात, दिवा बंद केल्यासारखे. मेडिकल फिजिसिस्टचा बराचसा दिवस संगणकावर उपचाराचं नियोजन करण्यात जातो. कोबाल्ट मशीन आणि एचडीआर (जास्त वेगानं मात्रा देणाऱ्या) ब्रेकीथेरपीत स्रोत कायम जिवंत असतो. तिथे स्रोत अडकला तर आधी रुग्णाला बाहेर काढायचं, दार बंद करायचं, मग बाकीचं, आणि याची तालीम आधीच झालेली असली पाहिजे.

बाईमाणसाला मर्यादा वेगळी नाही. गरोदरपण कळवल्यावर मात्र गर्भाला उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टच्या वर मात्रा जाऊ नये अशी कामाची मांडणी करायची असते, आणि ती जबाबदारी मालकाची. कळवायला मात्र तिनंच हवं. लाजून चार महिने गप्प राहिल्यावर मांडणी कोण आणि कशी करणार?

टीएलडी बॅज (अंगाला मिळालेली मात्रा नोंदवणारा बिल्ला) छातीवर, शिशाचा एप्रन असेल तर एप्रनच्या आत. तीन महिन्यांनी बदलतो. हॉस्पिटलचा 'कंट्रोल' बॅज (त्याचं वाचन बाकीच्यांतून वजा करतात) किरणांपासून लांब, कार्यालयात ठेवायचा. तो एक्स-रे रूमच्या खुंटीवर टांगला तर सगळ्यांची वजाबाकी चुकते. आणि नोकरी बदलली तरी तिचा व्यक्तिगत क्रमांक तोच ठेवायचा, कारण आयुष्यभराच्या मात्रेची नोंद त्या क्रमांकावर राष्ट्रीय नोंदवहीत साठते. नव्या ठिकाणी घाईत नवा क्रमांक काढला की जुनी नोंद लटकून राहते.

प्रयोगशाळा_कराड

मुलाखतीचा विषय निघालाय म्हणून. तिच्या कॉलेजात जीएम काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारी गायगर-म्युलर नळी) असणारच, बहुधा कपाटात. तो शेवटच्या वर्षात नीट हाताळून घ्या.

प्लॅटो (व्होल्टेज वाढवूनही मोजणी जवळपास तीच राहते तो सपाट भाग) काढताना व्होल्टेज २०-२० व्होल्टनं वाढवा, मोजणी सुरू होते तो सुरुवातीचा व्होल्टेज टिपा. सपाट भागाचा उतार १०० व्होल्टला १० टक्क्यांच्या आत हवा. कामाचा व्होल्टेज प्लॅटोच्या सुरुवातीच्या एक-तृतीयांश भागात. आकडे एकदम उसळायला लागले की तिथंच थांबा; ट्यूब सतत डिस्चार्जमध्ये गेली की दोन मिनिटांत तिची वाट लागते. समोरची अभ्रकाची खिडकी बोटानं कधीच पुसू नये.

मोजणी १०,००० झाली तर चूक १ टक्का, १०० झाली तर १० टक्के. मुलं एक मिनिट मोजून तीन दशांश लिहितात, त्याला काही अर्थ नाही. पार्श्वभूमी निदान १५ मिनिटं मोजा. स्रोतावरची तारीख वाचा: कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, दहा वर्षांपूर्वीच्या डबीत आता २७ टक्केच उरलेत. थॅलियम-२०४ तर आणखी लवकर मावळतं. 'यंत्र बिघडलंय' अशा तक्रारींतल्या बऱ्याचशा तक्रारी म्हाताऱ्या स्रोताच्या असतात.

यासाठीही सरकारी पैसा आहे, फक्त तो विद्यार्थ्याला न मिळता कॉलेजला मिळतो. अणुऊर्जा विभागाचं बीआरएनएस हे मंडळ संशोधन प्रकल्पांना अनुदान देतं. त्याच्या पाठबळावर अणुरसायनतज्ज्ञांची संघटना आयएएनसीएएस किरणोत्सारी समस्थानिकांवर कार्यशाळा घेते. कॉलेजनं यजमानपद मागायचं, व्याख्याते ट्रॉम्बेहून, म्हणजे बीएआरसीतून, येतात. विभागप्रमुखांच्या सहीनं अर्ज जावा लागतो, म्हणून मुलांनी सरांच्या मागे लागावं.

जुना स्रोत भंगारात कधीही देऊ नका. २०१० मध्ये एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं जुनं गॅमा यंत्र लिलावात विकलं गेलं, ते दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात फोडलं आणि एक माणूस मेला. आत कोबाल्ट-६० च होतं.

हळद_पेठ

थोडं अवांतर, पण सांगलीच्या धाग्यात हे यायलाच हवं. किरणोत्सर्ग म्हणजे नुसतं हॉस्पिटल नव्हे. मसाल्यातले जंतू मारायला गॅमा किरणं वापरतात, परवानगीची मात्रा ६ ते १४ किलोग्रे (वस्तूनं शोषलेल्या किरणांचं माप). हळद पोत्यातल्या पोत्यात, पॅकिंग न फोडता होते, गरम होत नाही. ब्रिटचा (अणुऊर्जा विभागाच्या समस्थानिक मंडळाचा) वाशीचा प्रकल्प २००० पासून यासाठीच चालतो. कांद्याला कोंब येऊ नये म्हणून लासलगावला 'कृषक' हा प्रकल्प आहे, तिथे मात्रा फारच कमी, ०.०२ ते ०.२ किलोग्रे.

अशा प्रकल्पात फिजिक्सवाला लागतोच. कोबाल्ट वर्षाला १२ टक्के कमी होतं, म्हणजे महिन्याला सुमारे १ टक्का वेळ वाढवायचा. ते विसरलं तर मात्रा हळूहळू घसरते, माल दिसायला तसाच असतो, आणि परदेशी बंदरावर जंतूंच्या चाचणीत नापास होतो. हळदीचा व्यापारी मग दोष हवेला देतो.

हरिपूर_रोड

एकच शेवटचं. ई-लोरावर नोंदणी कोण करतं, तिनं की हॉस्पिटलनं? आणि अणुशक्तीनगरला परीक्षेला जायचं तर आदल्या दिवशी मुक्काम करावा लागेल का?

मेडफिज_मिरज

'रेडिएशन प्रोफेशनल' म्हणून नोंदणी तिची स्वतःची, पात्रता मिळाल्यावर. मग हॉस्पिटल तिला आपल्या खात्यात जोडतं. गुणपत्रिका, पदवी, आधार, तिन्हीवर नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. वडिलांचं नाव एकावर आहे, दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरही अर्ज परत येतो. पुढे लग्नानंतर नाव बदलणार असेल तर राजपत्राची प्रत जोडून आधी आधार, मग बाकीचं.

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सांगलीहून मिळते, सकाळी सीएसएमटी. तिथून हार्बरनं मानखुर्द, पुढे बस नाहीतर रिक्षा. वेळ दुपारची असेल तर मुक्काम नको. सकाळची असेल तर आदल्या दिवशी कोयना एक्सप्रेस पकडा, महालक्ष्मीच्या भरवशावर राहू नका. फाटकावर मूळ ओळखपत्र मागतात, झेरॉक्स चालत नाही, आणि मोबाइल आत नेऊ देतील असं गृहीत धरू नका. प्रवेशपत्र कागदावर छापून न्या.